मदत हवी आहे : जुनी आर्चटॉप गिटार मिळतेय, पण ब्रिज तळाला आणि तारा तरी उंच. घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्न, मग बाकीचं. इथे नागपुरात, सदरकडे, एका निवृत्त काकांकडे आयबानेझ कंपनीची आर्टकोर एएफ७५ ही आर्चटॉप, म्हणजे फुगीर टॉपची गिटार आहे. २००६ साली घेतलेली, एकाच मालकाची. ३२,००० मागताहेत. गिटार मला मनापासून आवडली आहे. पण ब्रिज, म्हणजे तारा ज्यावरून जातात ती घोडी, खालीवर करणारी दोन्ही चाकं जवळजवळ तळाला टेकलीत आणि तरीही बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारा उंच आहेत. शिवाय नेक जिथे बॉडीला मिळते तिथे, हीलजवळ, पॉलिशमध्ये केसासारखी एक रेघ दिसते. नेकचा सांधा सुटत चालला असेल तर ही गिटार मला झेपणार नाही, कारण नेक उतरवून पुन्हा बसवणारा कारागीर माझ्या ओळखीत नाही. पोळ्याच्या आत हो किंवा नाही कळवायचं आहे.

आता सविस्तर सांगते. मी चौदा वर्षं गिटार वाजवते, त्यातली पहिली दहा साध्या अकूस्टिकवर, गाण्यांच्या साथीला. गेली चार वर्षं जॅझ शिकते आहे. शिकताना एक गोष्ट सतत अडते. चार मात्रांना चार कॉर्ड, प्रत्येक ठोक्याला एक, असं वाजवायचं असतं तेव्हा माझ्या सपाट टॉपच्या गिटारवर आधीचा कॉर्ड पुढच्याच्या अंगावर सांडतो. डाव्या हाताने कितीही दाबून थांबवला तरी मागे गुंजन राहतंच. आर्चटॉपवर तसं होत नाही. तिचा टॉप व्हायोलिनसारखा फुगीर असतो, तारा ब्रिजवरून जाऊन मागे टेलपीसला, म्हणजे बॉडीच्या टोकाच्या पट्टीला, अडकतात, त्यामुळे ब्रिजवर दाब वरून खाली पडतो. सूर पटकन उठतो आणि पटकन बसतो. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन पन्नास वर्षं हेच करत होते, अँप्लिफायरशिवाय, आणि एवढ्या पितळी वाद्यांमध्ये त्यांची लय जाणवायची. हे मी रेकॉर्डवर कितीतरी वेळा ऐकलं होतं. परवा काकांच्या खोलीत पहिला कॉर्ड वाजवला तेव्हा हाताला कळलं.

काका रेल्वेत होते आणि तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आता बोटांना संधिवात आहे. मी दीड तास वाजवत बसले तरी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मी आवरायला लागले तर म्हणाले, "वाजवून पाह्य ना बेटा, घाई काऊन करून राहिली?" अशा माणसाशी घासाघीस करायला जीव होत नाही. म्हणूनच आधी गिटारची खरी अवस्था काय ते समजून घ्यायचं आहे, म्हणजे जे बोलायचं ते मुद्द्याचं बोलता येईल.

मी काय काय पाहिलं ते लिहिते. एफ-होलच्या, म्हणजे टॉपवरच्या f आकाराच्या भोकाच्या, कडेला टॉर्च धरला तर लाकडाचे थर स्पष्ट दिसतात, म्हणजे टॉप लॅमिनेटेड मेपलचाच आहे, या मॉडेलला असतो तसा. टॉप कुठे खचलेला वाटला नाही. बॉडी आडवी धरून खिडकीच्या उजेडात पाहिली, कमान दोन्ही बाजूंना सारखी आहे. पहिल्या तीन फ्रेटवर तारांच्या खाचा पडल्यात, वरचे फ्रेट चांगले आहेत. केबल लावून मल्टीमीटरवर नेक पिकअप (नेकजवळचा, तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) साडेसात किलोओहमच्या जवळ दाखवतो, म्हणजे वाइंडिंग तुटलेली नाही. टोनचं बटण (पॉट) खरखरतं. तारा १० च्या (बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात), साध्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेने गुंडाळलेल्या, आणि गंजलेल्या. स्टीलच्या पट्टीने बाराव्या फ्रेटवर मोजलं : जाड तार ३.१ मिलिमीटर, बारीक तार २.५.

पाचवी तार मोकळी जोरात वाजवली की कुठेतरी बारीक किरकिर येते. काका म्हणाले, पिकगार्डचा (टॉपला ओरखडे पडू न देणाऱ्या पट्टीचा) स्क्रू ढिला आहे, कितीतरी वर्षांपासून तसाच आहे.

मला सगळ्यात मोठी भीती आपल्या हवेची आहे. ही गिटार जवळपास वीस उन्हाळे नागपुरात राहिली. मे महिन्यात ४५ अंश, हवा अशी कोरडी की ओला टॉवेल अर्ध्या तासात वाळतो, मग त्याच खोलीत कूलर सुरू केला की संध्याकाळभर दमट. आणि जून संपता संपता पावसाची ओल. लाकूड हे सगळं कसं सोसतं? काका सांगतात की उन्हाळ्यात फ्रेटची टोकं हाताला टोचतात आणि पावसाळ्यात टोचत नाहीत. हे ऐकून मला नेकबद्दल जास्तच काळजी वाटायला लागली.

दुसरा पर्याय म्हणून मुंबईची एक जाहिरात पाहिली होती. "गिब्सन ईएस-१७५, हाताने कोरलेला टॉप", ६०,००० रुपये. ती सोडून दिली. ईएस-१७५ ही १९४९ पासूनची गिटार आणि तिचा टॉप मुळात लॅमिनेटेड. कोरलेला टॉप म्हणणाऱ्याला एक तर माहिती नाही, नाही तर तो फसवतोय. फोटोत ट्रस रॉडच्या (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) झाकणाला तीन स्क्रू होते, गिब्सनला दोन असतात. तीन वर्षांपूर्वी मी न पाहता एक गिटार कुरियरने मागवली होती, ती हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या टोकाला, तडा गेलेली आली आणि विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. तेव्हापासून हातात घेतल्याशिवाय काहीही घ्यायचं नाही असं ठरवलंय.

तर मंडळी, ही रेघ नुसत्या पॉलिशची आहे की सांध्याची, हे मला घरगुती साधनांनी कसं ओळखता येईल? आणि ब्रिज तळाला असणं म्हणजे नेकचा कोन, ती बॉडीला ज्या कोनात बसवलेली असते तो, गेला असंच समजायचं का? रविवारी पुन्हा जाणार आहे.

प्रतिसाद :

ताई, तुम्ही इतकं सगळं मोजलंत आणि नेमकं एक मोजायचं राहिलं. नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर जाड तार दाबा, दुसऱ्या हाताने नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये किती फट राहते ते पाहा. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास. तीन कार्डं आरामात जात असतील तर नेक पुढे वाकली आहे, आणि तुमच्या ३.१ मधला बराच भाग त्या बाकाचा आहे. अशा वेळी लोक ट्रस रॉडला हात लावायला घाबरतात आणि ब्रिजच खाली खाली नेत राहतात. काकांनीही तेच केलं असणार. कोन गेला की नाही, हे नेक सरळ केल्यावरच ठरवता येतं, त्याआधी नाही.

मालकाची परवानगी घेऊन, तारा सैल करून, हेडस्टॉककडून पाहत ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा. पुन्हा सुरात लावा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. नट फिरतच नसेल किंवा करकर आवाज आला तर तिथेच थांबा आणि ती गिटार घेऊ नका. ट्रस रॉड गेलेली आर्चटॉप फुकट मिळाली तरी महागच.

प्रतिसाद :

रेघेसाठी कागद वापरा. बिलाचा पातळ कागद, तारा पूर्ण सुरात असताना. ताणाखाली सांधा उघडतो, सैल केल्यावर मिटतो, म्हणून तारा उतरवून पाहिलंत तर काहीच कळणार नाही. कागदाचा कोपरा रेघेत शिरला तर सरस सुटला आहे. शिरला नाही, नखही अडकलं नाही, तर ते पॉलिश तडकलंय. हीलचं लाकूड आणि बॉडीचं लाकूड उन्हाळ्यात वेगवेगळं आकसतं, वरचं पॉलिश तेवढं लवत नाही, म्हणून ते सांध्यावरच फाटतं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गिटारींना ही रेघ असते. मी अकोल्याचा, तुमचा उन्हाळा तो माझा उन्हाळा.

ती किरकिर मात्र मला खटकली. पिकगार्ड बोटाने घट्ट दाबून धरा आणि पाचवी तार वाजवा. आवाज थांबला तर काका बरोबर. नाही थांबला तर टॉपवर बोटाच्या पेराने टकटक करत फिरा, ब्रिजच्या दोन्ही बाजूंना, टेलपीसपर्यंत. आतून चिकटवलेली पट्टी, म्हणजे ब्रेस, सुटली असेल तर त्या जागी आवाज फुटका येतो. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा दुकानात स्वस्तात मिळतो, तो एफ-होलमधून आत घाला.

प्रतिसाद :

घेतलीत तर १० च्या तारांवर ठेवू नका. फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टीने गुंडाळलेल्या तारांचा, १२ चा सेट लावा, तिसरी तारही गुंडाळलेली असलेला. तुम्हाला जो विझणारा सूर हवा आहे त्यातला निम्मा या तारांमध्ये असतो. दोन गोष्टी सांभाळा. तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज हातात येतो, कारण तो चिकटवलेला नसतो, फक्त ताराच त्याला दाबून धरतात. आधी त्याच्या पायाशी मास्किंग टेप लावून जागा खूण करा. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज किंचित टेलपीसकडे सरकवा, उतरा असेल तर नेककडे. आणि जाड तारांचा ताण जास्त, त्यामुळे नेकचा बाक पुन्हा मोजावा लागेल.

धागा काढणारी :

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी दहाला गेले, दुपारचा चहा तिथेच झाला. जे झालं ते क्रमाने लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

आधी कागद. पेट्रोलपंपाची पावती नेली होती. रेघेच्या तिन्ही बाजूंनी कोपरा घालून पाहिला, कुठेही शिरला नाही. नखही अडकत नाही. काका चष्मा लावून शेजारी वाकून पाहत होते.

मग बाक. सातव्या फ्रेटपाशी तीन कार्डं गेली, चौथं अडकलं. ट्रस रॉडचं झाकण काढलं तर नटावरचं कारखान्याचं ग्रीस तसंच होतं. इतक्या वर्षांत त्याला कुणी हात लावलाच नव्हता. काका म्हणाले, "मले तं वाटे, तो फिरवला का नेक तुटते." परवानगी मागितली, त्यांनी स्वतः पाना काढून दिला. पाव फेरा, थांबलो, पुन्हा पाव फेरा. नट मऊ फिरला. अर्ध्या तासाने एकच कार्ड जात होतं आणि जाड तार ३.१ वरून २.४ वर आली. आता ब्रिजला उलट वर घ्यायला जागा झाली आहे. मोठी पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे पाहिलं, ती ब्रिजच्या माथ्याला येऊन टेकते. कोन ठीक आहे.

किरकिर पिकगार्डची नव्हती. पिकगार्ड दाबून धरलं तरी आवाज तसाच. टकटक करत गेले तर जाड तारेच्या बाजूला, एफ-होलच्या खालच्या टोकाजवळ, एका जागी आवाज एकदम पोकळ आणि फुटका आला. आरसा घातला. ब्रेसचं टोक साधारण दोन इंच टॉपपासून सुटलंय, मध्ये काळी फट दिसते. आरसा काकांच्या हातात दिला. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले की हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना ३२ सांगितले म्हणून त्यांना वाईट वाटतंय. मी काही मागायच्या आत त्यांनीच २५,००० म्हटलं.

मी घेतली. पैसे तिथेच यूपीआयने दिले आणि काकांच्या हातची एक साधी पावती घेतली, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून. तुम्हीही जुनं वाद्य घेताना एवढं नक्की करा.

आता ब्रेस. जागा एफ-होलमधून हाताच्या टप्प्यात आहे. पातळ पत्र्याच्या पट्टीने सरस आत ढकलून, आतून छोट्या स्क्रू-जॅकने वर दाबून चोवीस तास ठेवायचं, असा विचार आहे. हे काम कुणी केलं असेल तर दोन गोष्टी सांगा : सरस पिवळा वापरावा की हाडांचा, आणि लॅमिनेटेड टॉपला आतून किती दाब पुरतो? बाहेरून टॉपवर कमानीच्या आकाराचा ठोकळा धरावा लागेल असं वाटतंय, नाहीतर जॅकचा जोर टॉपवर उमटेल.

फ्लॅटवाउंड मागवल्या आहेत. ब्रेस चिकटेपर्यंत त्या लावणार नाही. तोवर तारा दोन स्वर उतरवून गिटार केसमध्ये ठेवली आहे, आतल्या खोलीत, कूलरपासून लांब.