मदत हवी आहे: यट, स्टिल आणि ऑलरेडी सोप्या मराठीत कसं सांगायचं?

वडगावकर: लवकर सांगा, रविवारच्या आत पाहिजे. यट आणि स्टिल, दोन्हीला आपल्याकडं 'अजून'च. ऑलरेडी तर मलाच सांगता येईना. चार वेळा समजावलं, खरं डोक्यात शिरंना.

काळकामवेग: कितवीत आहे? मराठी मीडियम का इंग्लिश?

पुणे३०: 'खरं' शिरत नाही म्हणजे? खोटं शिरतं का?

टिळकवाडीकर: बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात हो.

बेळगावीच: बेळगावी म्हणा. १ नोव्हेंबर २०१४ पासून नाव बदललंय.

टिळकवाडीकर: कागदावर. आमच्या तोंडात बेळगावच.

व्याकरणवाला: आधी बारा काळ पाठ करून घ्या. प्रेझेंट परफेक्टशिवाय यटला हात लावू नये.

वडगावकर: बारा काळ कुठले! आत्या आहे माझी, ६८ वर्षांची. जन्म यंत्रमागावर गेला. नातू न्यू जर्सीत, त्याला मराठी येत नाही. तिकडं रात्रीचे आठ वाजले की फोन करतो, सध्या आपले पहाटेचे साडेपाच. परवा म्हणाला, 'स्टिल स्लीपिंग, आजी?' आत्या म्हणाली, 'येस, यट.' पोरगं हसून लोळलं, आत्या रुसून बसली.

खानापूरवाला: हे आधी सांगायचं की मर्दा. त्यांना वाचता येतं?

वडगावकर: कन्नड येतं, शाळा तीच. एबीसीडी नाही.

खानापूरवाला: मग कन्नडचा उपयोग नाही, तिथंही दोन्हीला 'इन्नू'च. शब्द सोडा, गॅसवर चहा ठेवा. अजून उकळला नाही: नॉट यट. उकळायला लागला, अजून उकळतोय: स्टिल. तुम्ही फोनमध्ये, तोवर ऊतू गेलासुद्धा: ऑलरेडी. 'अजून'च्या मागं 'आहे' आलं तर स्टिल, 'नाही' आलं तर यट. एवढंच.

व्याकरणवाला: अर्धवट माहिती देऊ नका. 'ही स्टिल हॅजंट कम' हेही बरोबर आहे.

खानापूरवाला: आहे की. वैतागून म्हणायचं ते, 'मेला अजून आला नाही!' ते आत्यांना पुढच्या महिन्यात.

निपाणीकर: सिन्स आणि फॉरही शिकवून टाका. आपल्याला दोन्हीकडं 'पासून'च. वर बघा, नाव २०१४ पासून बदललंय, इथं सिन्स. हे दोघं तासापासून भांडताहेत, इथं फॉर.

वडगावकर: ते विचारलंच नाही मी.

बेळगावीच: भांडत नाही. माहिती दिली.

वडगावकर: चहा ठेवून शिकवलं. दोनदा खरोखर ऊतू गेला, शेगडी मीच पुसली. आज पहाटे नातवानं मुद्दाम तेच विचारलं. आत्या म्हणाली, 'नो स्लीपिंग. ऑलरेडी चहा.' पोरगं गप्प. आता आत्या विचारतेय, 'त्या दिवशी मी रुसले होते' हे त्याला कसं सांगायचं? 'अँग्री' नको म्हणते, राग नव्हता. लवकर सांगा.