नागपूर : छतावरचा हीट पंप बिघडला, गॅस भरून भरून थकलो. नीट दुरुस्त करणारा कसा शोधावा?

मनीषनगर_१२

नमस्कार मंडळी. आमच्या छतावर २०० लिटरचा हीट पंप आहे, हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा. घेऊन चार वर्षं झाली. घरात आम्ही पाच जण. सासरे ७८ वर्षांचे, गुडघ्यांचा संधिवात आहे, आणि त्यांची आंघोळ पहाटे साडेपाचलाच असते, त्यात बदल नाही. डिसेंबर-जानेवारीतली आपल्याकडची पहाट कशी असते ते नागपूरकरांना सांगायला नको. २०१८ च्या डिसेंबरात पारा साडेतीन अंशांवर उतरला होता तेव्हा हे यंत्र घरात नव्हतं. त्या आठवड्याच्या आठवणीनेच आम्ही पुढे ते घेतलं.

दिवाळीनंतर पाणी गरमच नाही होऊन राहिलं. पहिल्या बादलीला ठीक, दुसऱ्या बादलीला कोमट. कॉलनीतले एक एसीवाले मेकॅनिक आले, नळीला हात लावला, म्हणाले आतला गॅस (फ्रिजमध्ये असतो तसा) कमी आहे. गॅस भरला, २,५०० रुपये घेतले. सतरा दिवस छान चाललं, मग पुन्हा तेच. ते परत आले, पुन्हा गॅस, पुन्हा २,५००. या वेळी नऊच दिवस टिकलं. मग सर्व्हिस सेंटरमधून एक जण आला. दहा मिनिटं उभा राहिला आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारी मोटर) गेला म्हणाला, २४,००० चा आकडा तोंडी सांगून निघून गेला. लिहून द्या म्हटलं तर "ऑफिसला फोन करा".

सकाळी युनिटच्या मागे बघितलं तर जाळीच्या खालच्या दोन-तीन नळ्यांवर पांढरा बर्फ असतो, वरचा भाग कोरडा. पंखा फिरतो. लाइटचं बिल मागच्या महिन्यात २४० युनिटवरून ३९५ वर गेलं.

काय करावं? कोणाला बोलवावं? मुख्य म्हणजे समोर आलेला माणूस जाणकार आहे हे आपल्यासारख्याने कसं ओळखावं? सध्या सासऱ्यांसाठी गॅसवर पातेलं ठेवून पाणी तापवते आहे. उकळतं पातेलं मोरीपर्यंत उचलून नेताना रोज जीव मुठीत असतो.

संत्रानगरी

ताई, पातेलं उचलणं आधी बंद करा. दुरुस्ती होईपर्यंत साधा ३ लिटरचा इन्स्टंट गीझर बाथरूममध्ये लावून घ्या. पुढेही हीट पंप बंद पडला की कामी येतो.

आणि बिलाचं कारण सांगतो. या टाक्यांमध्ये आत एक हीटरची कॉइल असते, बॅकअपची. हीट पंपाला वेळेत पाणी तापवता आलं नाही की ती आपोआप चालू होते. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण ८ युनिट उष्णता लागते. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो, म्हणून तेच काम पावणेतीन युनिटच्या आसपास करतो. कॉइलवर चाललं तर पूर्ण ८ युनिट. रोजचा फरक पाच-सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. तुमचे १५५ युनिट तिथेच गेले.

अंबाझरी_काका

मी असलाच त्रास दोन वर्षं काढला आणि शेवटी सोलर बसवून मोकळा झालो. नागपूरसारखं ऊन कुठे मिळणार? माझा सल्ला विचाराल तर भंगारात द्या.

संत्रानगरी

काका, सोलर चांगलंच आहे. पण ताईंकडे चार वर्षांचं यंत्र आहे, टाकी धड दिसते. निदान न करता भंगारात टाकणं मला पटत नाही. आणि ढगाळ दिवसांत सोलरच्या टाकीतही तीच कॉइल जळते.

नंदनवन_फ्रिजवाला

ताई, बावीस वर्षं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. गॅस संपत नसतो. स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही. बंद नळीत तोच तोच फिरत राहतो, पंधरा वर्षंसुद्धा. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. जो माणूस गळती न शोधता गॅस भरतो, तो तुमची अडचण पंधरा दिवस पुढे ढकलतो. पहिल्यांदा सतरा दिवस आणि नंतर नऊ, म्हणजे भोक मोठं होऊन राहिलंय.

तुम्ही बर्फाचं वर्णन अगदी नेमकं केलं, त्यावरून पुष्कळ कळतं. अख्ख्या जाळीवर सारखा बर्फ असता तर मी म्हटलं असतं की जाळी धुळीने आणि कडुलिंबाच्या पानांनी चोंदली असेल, नाहीतर बर्फ वितळवायचं सेन्सर गेलं असेल. फक्त खालच्या नळ्यांवर बर्फ आणि वर कोरडं, ही गॅस कमी असल्याची जुनी खूण आहे. थोडासा गॅस पहिल्या नळ्यांतच उकळून संपतो, पुढच्या नळ्यांना काम उरत नाही.

कॉम्प्रेसर गेला असं हात लावून कोणाला सांगता येत नाही. त्याला क्लॅम्प मीटर लागतो, वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा. कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्या वायरवर किती अँपिअर येतात ते बघायचं आणि युनिटच्या पत्र्यावरच्या प्लेटशी ताडायचं. गॅस कमी असला की करंट कमी येतो. कॉम्प्रेसर जाम झाला की करंट एकदम उसळतो आणि एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पडते. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारांची गुंडाळी जळली असेल तर मीटरवर ओहम आणि अर्थिंग तपासून दोन मिनिटांत कळतं. यातलं काही केलं का त्या माणसाने? नसेल तर २४,००० वर विश्वास ठेवू नका.

आता माणूस कसा ओळखायचा. फोनवरच विचारा, "नायट्रोजनचा सिलिंडर आणि व्हॅक्यूम पंप घेऊन येता का?" जो म्हणेल "त्याची गरज नाही, आधी गॅस टाकून बघू", त्याला बोलवू नका. नायट्रोजन नळीत दाबाने भरून, साबणाचा फेस लावून गळती शोधतात. इथे सर्वांनीच लक्षात ठेवा, काही जण वेल्डिंगचा ऑक्सिजन भरून प्रेशर टेस्ट करतात. असं दिसलं तर तिथेच थांबवा. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल दाबाखाली एकत्र आलं की स्फोट होतो. आमच्या धंद्यात माणसं गेली आहेत त्यात.

गळती बुजवल्यावर नळीत शिरलेली हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंपाने ओढून काढावा लागतो. दहा मिनिटं पंप फिरवला की झालं, असं नसतं. चांगला मेकॅनिक मीटर लावून आतला दाब ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं माप) खाली नेतो, पंप बंद करतो आणि काटा वर चढतो का ते बघत बसतो. नळी उघडली की फिल्टर ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) नवा टाकायचाच. मग गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. तुमच्या युनिटच्या प्लेटवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतील, ते बघून इथे टाका. घरगुती हीट पंपात आर-१३४ए, आर-४१०ए, आर-३२, कधी आर-२९० असतो. एकात दुसरा मिसळला की सगळं बिघडतं. आर-३२ आणि आर-२९० पेट घेऊ शकतात, तिथे नळी जोडायची ज्योत लावायच्या आधी नळी पूर्ण रिकामी करून नायट्रोजन फिरवावा लागतो.

आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला माणूस मिळाला तर उत्तम. किंवा हॉटेल-हॉस्पिटलांच्या कोल्ड रूम सांभाळणारे मेकॅनिक बघा, त्यांच्याकडे ही हत्यारं असतात. आणि घरी कोणाला हात लावू देण्याआधी वॉरंटी कार्ड काढा. टाकीची, कॉम्प्रेसरची आणि बाकी सामानाची मुदत वेगवेगळी असते.

बेसा_बोअरवेल

दादांनी गॅसचं सगळं सांगितलंच. मी पाण्याचं सांगते. आमच्याकडे बोअरचं पाणी, फार जड. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, अॅनोड म्हणतात. टाकीच्या पत्र्याऐवजी तो झिजतो. आम्ही पाच वर्षं उघडून पाहिला नाही. काढला तेव्हा हातात फक्त तार आली आणि टाकी तळाला गंजली होती. मनीषनगरला मनपाचं पाणी असेल तरी दुरुस्तीवाला आलाच आहे तर दांडा बघून घ्या, टाकीतला गाळही काढून टाका.

मनीषनगर_१२

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत जेवढं कळलं तेवढं चार वर्षांत कळलं नव्हतं.

प्लेट पाहिली : आर-१३४ए, ९५० ग्रॅम. करंट ४ अँपिअर. वॉरंटी टाकीची पाच वर्षं, कॉम्प्रेसरची तीनच, म्हणजे ती संपली. मिस्टरांनी ऑफिसमधल्या इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटर आणून लावला, कॉम्प्रेसर २.१ अँपिअर घेतो आहे. म्हणजे दादा, तुम्ही म्हणता तसंच ना?

पाच जणांना फोन केले. नायट्रोजनचं विचारल्यावर तिघांनी विषय बदलला. एकाने विचारलं, "मॅडम, तुम्हाला कोणी शिकवलं?" पाचव्याने उलट मलाच विचारलं की गॅस कोणता आहे आणि वर पाण्याचा नळ, प्लगपॉइंट आहे का. तो शनिवारी येतोय.

नंदनवन_फ्रिजवाला

२.१ म्हणजे कॉम्प्रेसर जिवंत आहे, त्याला ओढायला गॅस नाही. पाचवा माणूस बरोबर वाटतो. बाप्पा, पंधरा दिवस असा अर्धपोटी चालवू नका. परत जाणाऱ्या थंड गॅसनेच कॉम्प्रेसर गार राहतो. शनिवारपर्यंत एमसीबी खाली करून ठेवा.

सिव्हिल_लाइन्स

सर्व्हिस सेंटरकडून लेखी निदान मागणं हा तुमचा हक्क आहे. ईमेलने मागा, म्हणजे तारीख राहते. देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच, तिथे पाच लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तू-सेवेच्या तक्रारीला फी नाही. आणि शनिवारी येणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या, त्यावर किती ग्रॅम गॅस भरला ते लिहून घ्या.

मनीषनगर_१२

झालं काम! उशिरा लिहिते आहे, कारण मुद्दाम पाच आठवडे थांबले. सतरा दिवसांची धास्ती मनात होती.

शनिवारी दुपारी ते मेकॅनिक आणि त्यांचा मदतनीस आले. पत्रा उघडून आधी काहीच केलं नाही, नुसते टॉर्च मारत बघत बसले. मग मला बोलावलं. आत एक बारीक नळी आहे, प्रेशर स्विचकडे जाणारी, करंगळीपेक्षाही बारीक. ती कॉम्प्रेसरच्या जाड नळीला टेकलेली. आजूबाजूला सगळी कोरडी राखाडी धूळ आणि त्या एकाच जागी काळा, ओलसर, तेलकट डाग. त्यांनी बोट पुसून दाखवलं. म्हणाले, गॅससोबत तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. २०० पीएसआय (दाबाचं माप) नायट्रोजन भरून फेस लावला तर त्या डागावर खसखशीच्या दाण्याएवढे बुडबुडे, एकामागून एक. चार वर्षं कॉम्प्रेसर थरथरत होता आणि ती नळी घासत होती. आधीचे दोघे त्याच पत्र्यासमोर उभे होते, पण पत्रा कोणी उघडलाच नाही.

नळीचा तेवढा तुकडा कापून नवा जोडला, थोडा वाकवून लांब घेतला आणि वरून रबराची नळी चढवली. मग म्हणाले, रात्रभर नायट्रोजन भरून ठेवतो, गॅस उद्या. संध्याकाळी दाबाचा काटा २०० वर, हवा २८ अंश. सकाळी वर गेले तर काटा १८९ वर! मला रडूच आलं. त्यांना फोन केला तर शांतपणे म्हणाले, "ताई, आता किती थंडी आहे?" १२ अंश होती. थंडीने दाब तेवढा उतरतोच, दुपारी ऊन चढलं की बघा. दीड वाजता काटा पुन्हा २०० वर. मग व्हॅक्यूम, नवा ड्रायर आणि वजनकाट्यावर मोजून ९५० ग्रॅम गॅस. कॉम्प्रेसरचा करंट आता ३.८. अॅनोडचा दांडा अर्धा झिजला होता, तोही बदलला. दांडा धरून सगळे मिळून ६,४०० रुपये, पक्क्या बिलावर.

पाच आठवडे झाले. सासरे पहाटे साडेपाचला स्वतः नळ सोडतात. काल म्हणाले, "आज पाणी जरा जास्तच कडक होतं."

एकच विचारायचं होतं. मे महिन्यात आपल्या छतावरच्या साध्या टाकीतलंच पाणी अंगावर घेववत नाही. तेव्हा हीट पंप बंद ठेवला तर चालेल का?

नंदनवन_फ्रिजवाला

फार बरं वाटलं ताई. त्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा. रात्रभर दाब ठेवणारे आता कमी राहिले.

उन्हाळ्यात खुशाल बंद ठेवा. एमसीबीवरून बंद करा, टाकी मात्र भरलेलीच राहू द्या. युनिटवर सावलीचा पत्रा टाका, पण चारही बाजूंनी हवा खेळली पाहिजे, डबा करून टाकू नका. पावसाळ्यानंतर सुरू कराल तेव्हा साचलेलं पाणी आधी सोडून द्या. मग एकदा ६० अंशांपर्यंत तापवूनच आंघोळीला घ्या. कोमट पाणी महिनोन्महिने साचलं की त्यात जंतू वाढतात, आणि घरात वयस्कर माणूस आहे. सुरू करायच्या आधी जाळीवर पाण्याचा हलका फवारा मारा, प्रेशर वॉशर नको, पात्या वाकतात. आणि पत्रा उघडून त्या रबराच्या नळीकडे एकदा नजर टाका.

बेसा_बोअरवेल

ताई, त्या मेकॅनिकचा नंबर मला वैयक्तिक निरोपात पाठवाल का? आमच्याही जाळीवर आज सकाळी खालच्या दोनच नळ्यांवर बर्फ दिसला.