लाइव्ह सेटची तालीम नेमकी कशी करावी?

डिचोलीकर:
नमस्कार. गेली सहा वर्षे मी लग्नसमारंभांत आणि गोव्यातील हणजुणे-वागातोरच्या दोन-तीन ठिकाणी डीजे म्हणून वाजवत आहे. डिसेंबरात मोरजी, पुणे आणि बंगळूर असे तीन कार्यक्रम प्रथमच 'लाइव्ह सेट' म्हणून ठरले आहेत, म्हणजे तयार ट्रॅक एकमेकांना न जोडता माझ्याच रचनांचे किक (ड्रमचा जड ठोका), बेस, सुरावटी असे तुकडे एबलटन लाइव्ह या संगीत-सॉफ्टवेअरमधून तिथल्या तिथे रचायचे आहेत. घरी नव्वद मिनिटांचा सेट बिनचूक होतो; मात्र गेल्या महिन्यात मित्रांसमोर अंगणात वाजवताना विसाव्या मिनिटाला एक चुकीचा तुकडा सुरू झाला आणि पुढचा सगळा वेळ मी केवळ सावरत राहिलो. नियमित दौरे करणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे.

पेडणेकर_नाद:
घरी सेट बिनचूक होतो, हीच मला काळजीची गोष्ट वाटते. आपण एकच क्रम पाठ केला आहे, त्यामुळे एक कडी निसटली की पुढची हाताला सापडत नाही. मी तालमीत सेट सुरुवातीपासून क्वचितच वाजवतो. चिठ्ठ्या टाकून कोणतेही दोन तुकडे उचलतो आणि एकातून दुसऱ्यात बत्तीस मात्रांच्या आत जाण्याचा रस्ता शोधतो. हे उभे राहून आणि लॅपटॉपचा पडदा कापडाने झाकून करावे, कारण नजर पडद्यावर खिळली की समोरचे लोक कधी थकले, हे कळतच नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्या गोव्याची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक चालत नाहीत. सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस तेवढे अपवाद. आधीचा कलाकार अर्धा तास लांबला, तर तो अर्धा तास आपल्या वाट्यातून जातो. एका किनाऱ्यावर मला नव्वदऐवजी पन्नास मिनिटे मिळाली आणि ज्या रचनेसाठी मी सारा चढ बांधत आणला होता, तिच्यापर्यंत मी पोहोचलोच नाही. त्यानंतर पन्नास मिनिटांचा सेट मी वेगळा बसवला, आणि खरे सांगायचे तर तोच अधिक चांगला आहे.

साउंडवाला_म्हापसा:
मी ध्वनिव्यवस्था पाहतो. अंगणात हात गोंधळण्याचे एक कारण ऐकण्यातही असू शकते. आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे ३५ मीटरवरच्या स्पीकरचा ठोका आपल्या कानी सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. १४५ बीपीएमला (म्हणजे मिनिटाला १४५ ठोके) एक ठोका सुमारे ४१४ मिलिसेकंदांचा असतो, तेव्हा हा उशीर जवळजवळ पाव ठोक्याचा झाला. म्हणून साउंड चेकमध्ये (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीत) सर्वांत आधी स्वतःजवळचा मॉनिटर, म्हणजे कलाकाराला ऐकण्यासाठीचा स्पीकर, मागून घ्यावा आणि हात त्याच्याच भरवशावर चालवावा. तालमीत हेडफोनची सवय लागली असेल, तर ती आत्ताच मोडा. लॅपटॉपवर थेट ऊन पडू देऊ नका. तो तापला की आवाज तुटू लागतो, आणि मोरजीला दुपारी चारचे ऊन सरळ टेबलावर येते.

जत्रेतली_पेटी:
मी डीजे नाही, गावच्या जत्रेतील नाटकांना पेटीची साथ करते. आमच्याकडे रंगीत तालमीला एखादा जाणता मुद्दाम मध्येच वाक्य गाळतो आणि इतरांनी न थांबता ते सांभाळायचे असते. तुमच्याही तालमीत कुणाला तरी शेजारी बसवा आणि न सांगता एखादा तुकडा बंद करायला सांगा. चूक झाली तरी पहिल्यापासून सुरू करायचे नाही, एवढी एकच अट पाळा.

डिचोलीकर:
सर्वांचे मनापासून आभार. धाकट्या बहिणीला आजपासूनच शेजारी बसवतो. पेडणेकर दादा, लॅपटॉपच बंद पडला तर काय करता?

पेडणेकर_नाद:
माझ्या सेटचे सलग ध्वनिमुद्रण दोन पेनड्राइव्हवर असते आणि मिक्सरच्या एका चॅनलला सीडीजे (पेनड्राइव्हवरून संगीत वाजवणारे डीजेंचे यंत्र) जोडून त्यात एक पेनड्राइव्ह आधीच लावलेला असतो. लॅपटॉपवरून सीडीजेवर जाण्याचीही तालीम करा; मला तीन-चार सेकंद लागतात.