ओजेटीचे 120 तास फुकट का? बिनमोबदला कामाला विद्यापीठांनी श्रेयांक द्यावेत का

हिशेबवही (धागाकर्ता)
नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पदवीच्या तिसऱ्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण घातलं. 4 श्रेयांक (क्रेडिट), एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे 120 तास प्रत्यक्ष काम. काम घेणाऱ्यावर मोबदल्याची सक्ती मात्र नाही.

माझं मत स्पष्ट आहे: मोबदला नसेल तर श्रेयांक नकोत. शिकाऊ उमेदवारीच्या (अप्रेंटिसशिपच्या) नियमांत 2019 च्या दुरुस्तीने पदवीधर उमेदवाराला दरमहा किमान 9,000 रुपये ठरले. ओजेटीला तो नियम लागू नाही, पण माप म्हणून घेऊ. 26 दिवस, रोज 8 तास म्हणजे 208 तास. त्या दराने 120 तासांचे साधारण 5,200 रुपये होतात. एवढ्याने कुठलंही ऑफिस बुडत नाही. बी.कॉम.ची मुलं करतात काय? टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर चढवणं, जीएसटीची बिलं तारखेप्रमाणे लावणं, बँक स्टेटमेंट जुळवणं. सहावं सत्र मार्चअखेरच्या घाईतच येतं. पहिले तीन दिवस शिकणं असतं, पुढचे बारा दिवस ते पगारी कारकुनाचं काम असतं. त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत.

माणदेशी
पुण्यात बसून हा नियम छान वाटतो. जत, आटपाडीसारख्या तालुक्यात बी.ए.ची 80 मुलं पाठवायची कुठे? दोन-तीन पतसंस्था, मेडिकल, आपले सरकार केंद्र, पंचायत समिती, एखादं दूध संकलन केंद्र. यांना 5,200 ची अट घातली की उद्यापासून दारं बंद. मग काम न करताच मामाच्या दुकानाचा शिक्का येतो. आजही येतो. रोजच्या कामाच्या नोंदीची अशी खोटी डायरी लगेच ओळखता येते: पंधरा दिवस सलग आठ-आठ तास, मधले दोन रविवारही भरलेले, एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली, आणि रोज तेच वाक्य, ‘आज ग्राहकांशी संवाद साधला’. तुमच्या अटीने अशा डायऱ्या वाढतील. आणि सगळ्यात आधी मुली मागे राहतील, कारण त्यांना घरून लांब पाठवत नाहीत.

सातबारा
पैशाइतकाच दुसरा प्रश्न आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. शिकाऊ उमेदवारीचा रीतसर करार झाला असेल, तर कामावर इजा झाल्यास शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम 16 प्रमाणे मालकावर भरपाईची जबाबदारी येते. ओजेटीच्या मुलाकडे असतं काय, तर कॉलेजचं विनंतीपत्र. हाताचं बोट प्रेस यंत्रात गेलं तर त्या पत्रावर काहीच मिळत नाही. कॉलेजने गट अपघात विमा उतरवल्याशिवाय पत्र देऊच नये.

आणि मुलींच्या पालकांना हे लेखी द्या: लैंगिक छळ प्रतिबंधाच्या 2013 च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, पगार असो वा नसो. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्या समितीचा पत्ता आणि फोन डायरीच्या पहिल्या पानावर छापायला काय अडचण आहे?

नवी_पहाट
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला सरकार महिना 10,000 देतं. ओजेटी त्यालाच जोडा, प्रश्न मिटला.

सातबारा
नाही मिटत. ज्यांचं शिक्षण चालू आहे ते त्या योजनेत बसत नाहीत. पदवीनंतरची ती वाट आहे.

तासिका_तत्त्व
विद्यापीठ दुसऱ्यांना न्याय्य वेतन शिकवणार, त्याआधी आपल्याच वर्गात बघावं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या विनियमांत कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या 10 टक्क्यांच्या आत हवेत, आणि त्यांचं वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नको, असं लिहिलं आहे. जानेवारी 2019 मध्ये यूजीसीनेच अतिथी शिक्षकाला तासाला 1,500, महिन्याला कमाल 50,000 असा दर सांगितला. आपल्याकडे सीएचबीवाल्याला, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला, घेतलेल्या तासिकेपुरतं मानधन. सुट्टीचे महिने कोरडे. पेपर तपासणी, ओजेटीच्या डायऱ्या हे सगळं तासिकेच्या बाहेरचं काम. आणि 120 तासांवर देखरेख ठेवायला मार्गदर्शक म्हणून नेमतात कुणाला? त्यालाच. चाळीस मुलांची कामाची ठिकाणं तो स्वतःच्या पेट्रोलवर कशी बघेल? बोगस डायऱ्यांचं मूळ इथे आहे, मुलांच्या आळसात नाही.

माणदेशी
हे शंभर टक्के खरं. पण पद भरती सरकारच्या हातात आहे, विद्यापीठाच्या नाही.

तासिका_तत्त्व
सफाई आणि सुरक्षेचं कंत्राट तर विद्यापीठ स्वतः देतं ना? ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी पीएफचं चलन आणि यूएएननिहाय (कामगाराच्या पीएफ क्रमांकाप्रमाणे) यादी मागायची, हजेरीपटाशी नावं जुळवायची, पगार बँकेत पडल्याचा पुरावा बघायचा. एका कारकुनाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

एमआयडीसी_गेट
माणदेशी, जागा नाहीत हे अर्धंच खरं आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजले जातात. नॅट्स या केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत पदवीधराच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. अडतं कुठे? करार पोर्टलवर वेळेत होत नाही, मुलाचं खातं आधारला जोडलेलं नसतं, आणि कॉलेज कंपनीकडे परीक्षेच्या तोंडावर जातं. जूनमध्येच जायला हवं. शिकाऊ उमेदवारी जोडलेली पदवी चालवली तर किमान एक सत्र पूर्ण कामावर आणि विद्यावेतनासह. 120 तासांच्या तुकड्यापेक्षा त्यात मूल खरोखर तयार होतं.

माणदेशी
आटपाडीहून सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मूल रोज जाणार कसं? एसटीचा सवलतीचा पास घर ते कॉलेज मार्गाचा. खोली घेतली तर विद्यावेतन भाड्यातच जातं.

हिशेबवही
माणदेशी, तुमचा मुद्दा मान्य, सरसकट अट चुकीची ठरेल. माझी मागणी बदलतो. 30 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत मोबदल्याशिवाय श्रेयांक नाहीत. त्याखालच्या खासगी ठिकाणी किमान प्रवासखर्च, आणि दिवसाला चार तासांची मर्यादा, म्हणजे 30 दिवस कॉलेज सांभाळून. ग्रामपंचायत, ग्रंथालय अशा ठिकाणी बिनमोबदला चालेल, पण डायरीऐवजी प्रत्यक्ष काम जमा करायचं: दाखल्यांच्या नोंदींची सूची, पाणीपट्टी थकबाकीचा तक्ता, पुस्तकांची यादी.

आणि प्लेसमेंटचा आकडा छापताना छेद, म्हणजे एकूण किती मुलांपैकी, तेही छापा. एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीसाठी नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगार भरतात. 100 मुलांपैकी 12 जणांना नोकरी लागली तर तो पगार त्या 12 जणांचा. प्रवेशाच्या फलकावर मात्र फक्त पगार झळकतो.

माणदेशी
चार तास आणि प्रत्यक्ष काम जमा, हे पटलं. प्रवासखर्च दुकानदाराकडून मागू नका, तो देणार नाही. विद्यापीठ परीक्षा शुल्क घेतं, त्यातून ओजेटी भत्ता काढावा आणि थेट मुलाच्या खात्यात टाकावा. दुकानदाराकडून फक्त हजेरीची सही, तीही रोजच्या रोज.