मदत हवी आहे: शोरीलमध्ये स्केचेस, मातीकाम, फोटो दाखवावेत का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅरॅक्टर ॲनिमेटर म्हणून काम करायचंय, शोरील (निवडक कामाचा छोटा व्हिडिओ) बांधायला घेतली आहे आणि एका प्रश्नापाशी अडले आहे.

आमच्याकडून सुरुवातीला हाताने भरपूर करून घेतलं. लाइफ ड्रॉइंग (समोरच्या माणसाला बघून चित्र काढणं), फोटोग्राफी, मातीकाम, खालून उजेड येणाऱ्या लाइटबॉक्सवर कागदी ॲनिमेशन; थ्रीडी नंतर आलं. नोकरी माया किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर मिळते, मग हे सगळं कशाला, असं वर्गात बरेच जण म्हणायचे. मला मात्र त्याचा फार उपयोग झाला.

उदाहरणार्थ वॉक सायकल, म्हणजे पात्राच्या चालण्याचं पुन्हा पुन्हा फिरणारं ॲनिमेशन. सेकंदाला २४ फ्रेम, साधारण चालीत एक पाऊल १२ फ्रेमचं, त्यातल्या काँटॅक्ट-डाउन-पासिंग-अप या चार पोझ, हे पाठ असतं. तेवढ्यावर पात्र चालतं, पण त्याला वजन येत नाही. मी सकाळी महात्मा फुले मंडईत हमालांची स्केचेस करायचे. अर्ध्या मिनिटात एक पोझ, त्यामुळे चेहरा, कपडे सगळं सुटतं. पाठीचा कणा, खांदे आणि भार कुठल्या पायावर आहे एवढंच कागदावर उतरतं. डोक्यावर पाटी असलेला माणूस मान ताठ ठेवतो, पावलं आखूड टाकतो आणि हिसका गुडघ्यात जिरवतो, डोकं फारसं वर-खाली होऊ देत नाही. मग ग्राफ एडिटरमध्ये (जिथे हालचाल आलेखासारखी दिसते) कमरेचा वर-खाली जाणारा कर्व्ह चपटा केला, पावलांमधलं अंतर कमी केलं आणि पात्राच्या डोक्यावर खरंच ओझं आलं!

मातीचंही तसंच. गोळा दाबला की बाजूला पसरतो, माती काही कमी होत नाही. स्क्वॉश-स्ट्रेचमध्ये (पात्र दबतं-ताणलं जातं तेव्हा) आकार बदलला तरी आकारमान तेवढंच राहायला हवं, हे मला त्या गोळ्यामुळे पटलं. फोटोग्राफीत सूर्य माणसांच्या मागे ठेवून त्यांना टिपताना सिल्हूट कळलं: नुसत्या काळ्या आकारावरून माणूस दमलाय की घाईत आहे हे समजलं, तर पोझ जमली.

आता अडचण. एक सीनियर म्हणतात, रील मिनिटभराची ठेव, फक्त कॅरॅक्टर ॲनिमेशन, उत्तम शॉट सगळ्यात आधी. दुसरे म्हणतात, छोट्या स्टुडिओत एकच माणूस मॉडेलिंगपासून काँपोझिटिंगपर्यंत (सगळे थर जोडून अंतिम चित्र करण्यापर्यंत) करतो, तर सगळं दाखव. मला पहिलं जास्त पटतं. पण मंडईतली स्केचेस त्या हमालाच्या शॉटशेजारी दिसली तर मी विचार कसा करते ते कळेल, असंही वाटतं. ती रीलमध्येच घ्यावीत की पोर्टफोलिओत वेगळी ठेवावीत? ज्यांनी भरतीसाठी रील पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सांगा: अशी स्केचेस तुम्ही थांबून बघता का?

आणखी एक. कॉलेज संपलं की लाइफ ड्रॉइंगचा वर्गही संपेल. मी कोथरूडला राहते. रविवारी एकत्र बसून मॉडेलवरून चित्रं काढणारा, विद्यार्थ्यांना परवडेल असा एखादा गट पुण्यात आहे का? आणि जे नोकरी सांभाळून अजूनही रोज पेन्सिल हातात धरतात, ते वेळ कसा काढतात?

रीलचा कच्चा कट तयार आहे. कुणी बघणार असेल तर लिंक पाठवते.