सल्ला हवा: वाचनालयाच्या जुन्या संगणकांवर लिनक्स टाकतेय, डेस्कटॉपचं रूप कसं ठेवू?

राजापूरकरीण
गावच्या वाचनालयात सहा जुने डेस्कटॉप आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नवीन घ्यायची ऐपत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकायचं ठरलंय. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, १३६६×७६८ चे मॉनिटर. मशीन पडवीत आहेत, दुपारनंतर ऊन थेट स्क्रीनवर येतं. सकाळी पेपर वाचायला आजोबा मंडळी बसतात, दुपारी फॉर्म भरायला कॉलेजची पोरं.
मला फक्त दिसण्याबद्दल विचारायचंय. थीम, आयकॉन, फॉन्ट, रंग, वॉलपेपर, सगळं सहाही मशीनवर एकसारखं आणि मराठीत. जांभ्याचा तांबूस रंग घ्यावा आणि मागे कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती असावा असं डोक्यात आहे.
बजेट सगळं मिळून ४,००० रुपये, त्यातच माऊस यायचेत. कृपया हार्डवेअर सुचवू नका.

चिपळूणचा_चिप
हार्डवेअर सुचवू नका हे वाचलं, तरी सांगतो. सहाही मशीनला एसएसडी टाका, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी वेगवान डिस्क. मी माझ्या दुकानातल्या मशीनला टाकली आणि तीस सेकंदांत डेस्कटॉप समोर. हार्ड डिस्कवर कितीही देखणी थीम लावा, ती दिसेपर्यंत आजोबा चहा पिऊन येतील.

राजापूरकरीण
सहा एसएसडी ४,००० मध्ये?

चिपळूणचा_चिप
थोडे वर जातील. लोकवर्गणी काढा की.

वेंगुर्ल्याचो_झील
ताई, माका इचारशात तर केडीई प्लाझ्मा नावाचो डेस्कटॉप घाला. माझ्याकडे असा, एकदम फर्स्टक्लास दिसता. पॅनेल म्हणजे मेनूची पट्टी खाली, वर, बाजूक, खंय होया थंय. एका क्लिकात आख्खा रूप बदलता. माझ्या स्क्रीनवर घड्याळ, हवामान, भरती-ओहोटी सगळा असा. बघूक येवा.

टर्मिनलवाला_ठाणे
मूळ गुहागरचाच, म्हणून बोलतो. एका क्लिकवर रूप बदलणाऱ्या त्या ग्लोबल थीम बाहेरच्या लोकांनी केलेल्या असतात आणि त्यांच्यासोबत कोडही चालतो. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या स्टोअरवरची अशीच एक थीम लावल्यावर एकाच्या घरच्या फायली उडाल्या होत्या, केडीईवाल्यांना जाहीर सूचना द्यावी लागली. शिवाय मिंट स्वतः केडीईची आवृत्ती देत नाही. २०१८ पासून सिनॅमन, मेट आणि एक्सएफसीई या तीन डेस्कटॉपच्या तेवढ्याच. सार्वजनिक मशीनवर बाहेरची थीम नकोच.

वेंगुर्ल्याचो_झील
माझ्या फायली हत तशेच असत.

शुद्धतावादी
ग्नोम हा डेस्कटॉप घ्या आणि काहीही बदलू नका. मोठी बटणं, कमी पसारा, सगळं एका जागी. त्यांच्या डिझायनरांनी डोकं लावून केलेलं असतं. २०२२ मध्ये ग्नोम ४२ आलं तेव्हापासून लिबअद्वैता (ग्नोमचा बटणं-खिडक्यांचा ठरलेला साचा) वापरणारी ॲप्स बाहेरच्या थीमला फारशी जुमानतच नाहीत, आणि ते बरंच झालं. निम्म्या ॲपमध्ये अक्षरं काळ्यावर काळी, निम्म्यात बटणं गायब, असली डोकेदुखी संपली.

टर्मिनलवाला_ठाणे
४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कवर ग्नोम. शुभेच्छा. आणि रंग बदलायला मिळावा एवढ्यासाठी सप्टेंबर २०२४ च्या ४७ व्या आवृत्तीची वाट पाहायला लागली, तेही नऊ ठरलेले रंग. जांभा त्यात नाही.

शुद्धतावादी
रंग हे डिझाइन नव्हे.

निवृत्त_मास्तर_लांजा
पूर्वी हे सगळं किती सोपं होतं. उबुंटू पहिल्यांदा आलं २००४ ला, तेव्हा आख्खा डेस्कटॉप तपकिरी. लोक नावं ठेवायचे, पण पावसाळी अंधारात डोळ्यांना तो रंग फार बरा वाटायचा. २०१० ला जांभळा-नारिंगी केला आणि माझं मन उडालं. जांभा म्हणालात, छान वाटलं. वरच्या पट्टीत ॲप्लिकेशन्स, प्लेसेस, सिस्टीम असे तीन शब्द असायचे, माणूस कधी हरवत नसे. २०११ ला ग्नोम ३ ने पट्टीतले ते तीन शब्दच काढले.

अक्षरवेडी
मास्तर, आठवणी ठीक, पण ताईंना मराठीत हवंय आणि फॉन्टबद्दल कुणीच बोललं नाही. बहुतेक थीम रोमन अक्षरांची उंची धरून केलेल्या असतात. पॅनेल २४ पिक्सेलचं असेल तर वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही कापले जातात. 'वर्गणी' किंवा 'सुरू' अशा नावाची विंडो उघडून टायटलबार बघा, लगेच कळेल. पॅनेल ३२ च्या खाली नेऊ नका, विंडोची चौकट निवडताना टायटलबार जाडच घ्या.
फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त', दोन्ही फुकट आणि खुल्या परवान्याचे. १२ पॉइंट ठेवा. सिस्टीमची भाषा मराठी केलीत की नोटोमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. भाषा हिंदी किंवा इंग्रजी राहिली तर तोच फॉन्ट शेंडीफोड्या हिंदी श दाखवतो आणि आजोबा म्हणतात, हा पेपर आमचा नाही.
एक्सएफसीई घ्या, हलकं आहे.

हापूस_४०४
एवढं कशाला. डार्क थीम लावा, वीज वाचते. आमच्याकडे रोज लाईट जाते, मला अनुभव आहे.

टर्मिनलवाला_ठाणे
ओएलईडी स्क्रीनवर वाचते, तिथे काळा पिक्सेल विझलेलाच असतो. तुमच्या-आमच्या एलसीडीत मागचा दिवा काळ्या पिक्सेललाही तेवढाच जळतो. आणि पडवीत ऊन पडल्यावर काळ्या स्क्रीनमध्ये स्वतःचाच चेहरा दिसेल.

हापूस_४०४
माझं इन्व्हर्टर जास्त वेळ चालतं, एवढं मला माहीत आहे.

अक्षरवेडी
ऊन असेल तर फिकट पार्श्वभूमी, गडद अक्षरं. यात वाद नको.
रंगाचं मात्र मोजून बघा. वेबसाठीचा सर्वमान्य निकष अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ फरक मागतो. जांभ्यासाठी १३९, ५८, ४३ असा लाल-हिरवा-निळा घेतला आणि वर पांढरी अक्षरं ठेवली तर साडेसातच्या पुढे जातं, उत्तम. कुणी हापूसचा केशरी सुचवायच्या आत सांगते, २४५, १६६, ३५ वर पांढरं ठेवलं तर जेमतेम २ येतं.

हापूस_४०४
मी काही सुचवलं नव्हतं.

सावंतवाडी_रंगारी
वॉलपेपरपेक्षा आयकॉनकडे बघा. आपल्याकडे दशावतारी गंजिफा आहे, गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, १२० पानं. प्रत्येकाची खूण वेगळी: मासा, कासव, परशू. इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये तशी मालिका काढली तर कोकणाचं स्वतःचं आयकॉन थीम होईल. सगळी दुनिया त्याच निळ्या फोल्डरांत राहतेय.

अक्षरवेडी
कल्पना देखणी आहे, पण ब्राउझरला मासा आणि प्रिंटरला कासव कुणाला कळणार? आणि बारकं काम लहान आकारात चिखल होतं. टँगो या आयकॉनच्या प्रकल्पाच्या नियमांत १६, २२ आणि ३२ पिक्सेलचं चित्र वेगवेगळं काढायला सांगितलंय ते याचसाठी. मोठं चित्र नुसतं लहान करून चालत नाही.

सावंतवाडी_रंगारी
नव्याला नाही म्हणायला कुणाला पैसे पडत नाहीत.

निवृत्त_मास्तर_लांजा
कशेळीचा हत्ती की उक्षीचा? दोन्हीकडे हत्ती आहे. उक्षी रत्नागिरी तालुक्यात.

राजापूरकरीण
कशेळीचाच, मास्तर. ज्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत तो. आमच्याच तालुक्यातला.

निवृत्त_मास्तर_लांजा
मग बारसूही तुमच्याच तालुक्यात. तिथला दोन वाघांमधला माणूस घ्या, जास्त उठून दिसेल. २०२२ ला ही सगळी युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली तेव्हा फोटो त्याचाच जास्त छापून आला.

टर्मिनलवाला_ठाणे
पोटात प्राणी असलेल्या हत्तीवर आयकॉन ठेवणार? एकही सापडायचा नाही. सपाट रंग ठेवा.

शुद्धतावादी
सपाट रंग. पहिल्यांदाच सहमत.

अक्षरवेडी
मीही सपाटच म्हणेन.

चिपळूणचा_चिप
एसएसडी घेतलीत का?

राजापूरकरीण
सगळ्यांचे आभार. एका मशीनवर करून समितीला दाखवलं.
मेट टाकलं. इथे कुणी घ्या म्हटलं नाही, पण मास्तरांनी सांगितलेली वरची पट्टी त्यात अजून मिळते, आणि समितीतले दोन काका नोकरीत असताना जुन्या ग्नोमवर काम केलेले निघाले. त्यांनी विचारायच्या आत मेनू उघडला. पट्टी ३४ पिक्सेल, फॉन्ट 'मुक्त' १२ पॉइंट, भाषा मराठी, विंडो फिकट, पट्टी जांभ्याची.
श मुद्दाम बघितला, आपलाच आहे. 'सुरू'चा उकार पूर्ण दिसतो.
आणि हत्ती ठेवलाय. फोटो नाही, फोटोवरून इंकस्केपमध्ये रेषा काढल्या, पार्श्वभूमीपेक्षा किंचित गडद, उजव्या बाजूला. आयकॉन पाचच, सगळे डावीकडे, खाली ठळक नावं: पेपर, इंटरनेट, फॉर्म, लिहा, बंद करा. पोटातले प्राणी सगळे काढले नाहीत, मासे तेवढे ठेवले.

टर्मिनलवाला_ठाणे
मशीन बंद करायचा आयकॉन डेस्कटॉपवर? रोज कुणीतरी चुकून दाबणार.

राजापूरकरीण
दाबल्यावर विचारतं. आधी थेट प्लगच काढायचे.

वेंगुर्ल्याचो_झील
हत्ती माका पण होयो. पाठवशात काय?

सावंतवाडी_रंगारी
एसव्हीजी (रेषांची फाइल) द्या, पीएनजी (ठिपक्यांचं चित्र) नको. आणि परवाना लिहा, सीसी बाय-एसए (श्रेय देऊन, बदललेलं त्याच अटींवर वाटता येतं) असेल तर मी त्यात गंजिफाचे रंग भरून परत देतो.