मुलीसाठी लाईफ जॅकेट घ्यायचे आहे : माप, निवड आणि निगा

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबे गगनबावड्यामार्गे तारकर्लीला जाणार आहोत आणि तेथे कर्ली नदीत बोटीने फिरण्याचा बेत आहे. गेल्या वर्षी एका ठिकाणी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचे जॅकेट घातले गेले, त्याचे एक बकल तुटलेले होते आणि त्या जागी सुतळीची गाठ मारलेली होती. मी खांद्याला धरून ते सहज वर ओढले, तर तिची हनुवटी आत गेली आणि जॅकेट कानांच्या वर आले. आम्ही तिथूनच परत फिरलो. आता स्वतःचीच जॅकेटे घ्यावीत असे ठरवले आहे. मुलीचे वजन 18 किलो आहे, मला पोहता येत नाही, आणि लहानपणापासून पंचगंगेत पोहणाऱ्या माझ्या यजमानांना स्वतःसाठी जॅकेटची गरज वाटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (पूरकाळात बचावाच्या बोटीवर काम केलेला)

ताई, आपण खांद्याला धरून जॅकेट ओढून पाहिलेत, तीच मापाची खरी परीक्षा आहे. सगळे पट्टे आवळून हात वर करायला सांगावे आणि खांद्याकडून ओढावे. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते मोठे आहे. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, तसे हे घेऊ नये. मुलांचे जॅकेट वयावर न घेता आतल्या लेबलवरचा वजनाचा पल्ला पाहून घ्यावे, त्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा आणि डोक्यामागे आधार देणारी कॉलर असावी.

लेबलवर 50, 100, 150 असे आकडे आढळतील. ते न्यूटनमध्ये असून 10 न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन वर उचलण्याइतका जोर होय. पाण्यात शरीर हलके होत असल्याने प्रौढ माणसाचे डोके वर राहण्यास सहसा तीन ते पाच किलोचा जोर पुरतो. तरीही 50 चे जॅकेट हे पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असतानाच वापरायचे साधन आहे. आपल्यासाठी 100 ची श्रेणी पाहावी. मुलीसाठीही हीच श्रेणी घ्यावी, मात्र मुलांच्या मापात प्रत्यक्ष न्यूटन कमी असतात. हवेने फुगणारी जॅकेटे सुटसुटीत दिसतात, परंतु पोहता न येणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी फोमचेच वापरावे, कारण ते फुगण्यावर अवलंबून नसते. रंग नारिंगी किंवा पिवळा घ्यावा. निळे जॅकेट पाण्यात दिसत नाही, हे मी पुराच्या पाण्यात डोळ्यांनी पाहिले आहे. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली असावी.

उत्तर 2 (कसबा बावडा)

यजमानांसाठी चार शब्द. मीही राजाराम बंधाऱ्यावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. डबा पाठीवर असल्याने तोंड पाण्याकडे राहते आणि शुद्धीवर असलेला मुलगा मान स्वतः वर काढतो. बोटीच्या काठावर डोके आपटून शुद्ध हरपली, तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मान उचलता येत नाही, आणि म्हणूनच चांगल्या जॅकेटमध्ये फोमचा मोठा भाग छातीवर असतो, जेणेकरून माणूस उताणा राहावा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी गच्च भरलेली बोट उलटली, तो दिवस आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. घाबरलेल्या माणसाने गळ्याला मिठी मारली की पोहणाऱ्याचे हात बांधले जातात. बोट उलटल्यावर पाण्यात जॅकेट घालणे जवळपास अशक्य असते, त्यामुळे ते काठावरच घालून पट्टे आवळावेत.

उत्तर 3 (शाहूपुरी)

निगेबद्दल थोडे लिहितो. खाडीच्या खारट पाण्यातून आल्यावर जॅकेट साध्या पाण्याने खळबळून दोरीवर सावलीत वाळवावे. कडक उन्हाने कापड आणि शिलाई दोन्ही कमकुवत होतात. वॉशिंग मशीन, ब्लीच आणि इस्त्री वर्ज्य. बोटीत त्यावर बसू नये, कारण दबलेला फोम पूर्वीसारखा फुलत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलसर जॅकेट माळ्यावर टाकले की बुरशी धरलीच म्हणून समजा. दरवर्षी फोम चिमटीत दाबून पाहावा. तो कडक झाला असेल किंवा दबून तसाच राहत असेल, तर जॅकेट बाद करावे. तुटलेले बकल सुतळीने बांधून वापरू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल तरणतलावाच्या उथळ बाजूला आम्ही तिघांनीही जॅकेटे घालून पाहिली. मांड्यांचा पट्टा न लावता मुलगी पाण्यात उतरली तेव्हा जॅकेट वर सरकून तिच्या तोंडाशी आले. पट्टा लावल्यावर ती मान मागे टाकून शांतपणे उताणी तरंगली आणि हनुवटी पाण्याबाहेर राहिली. ते पाहून यजमानांनी स्वतःच्या जॅकेटचे पट्टे न सांगता आवळले. माझे मात्र छातीत सैल वाटल्याने एक माप लहान मागवले आहे.